सोर्स आणण्याआधीची मोजणी

दुसरं सेमिस्टर संपलं. आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डावर या आठवड्यात चार बातम्या लागल्या. प्रॅक्टिकलच्या परीक्षा पार पडल्या आणि एक्स्टर्नल सर मार्कांची पाकिटं सीलबंद करून गेले. दुसऱ्या वर्षातल्या एका अक्काची भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये निवड झाली. प्रोजेक्टचे अहवाल बाइंडिंग करून जमा करायची तारीख ठरली. आणि तिसऱ्या सेमिस्टरला न्यूक्लिअर फिजिक्सचा खास पेपर घेणाऱ्यांनी ऑफिसात नाव नोंदवावं, असं सगळ्यात खाली लिहिलं होतं. मी नाव देऊन आले. का दिलं ते सांगायचं, तर ज्या गोष्टीनं मला सर्वांत जास्त गोंधळात टाकलं तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. ती गोष्ट म्हणजे रिकाम्या स्टँडसमोर बसून केलेली मोजणी.

मी निपाणीची. बी.एस्सी. तिकडेच झालं आणि एम.एस्सी.साठी बंगळूरच्या येलहंक्याला आले. आमच्याकडे अणु-अभियांत्रिकीचा वेगळा विभाग नाही. फिजिक्सच्याच विभागात, जिन्याच्या टोकाला, एक छोटी न्यूक्लिअर लॅब आहे. देशातही हा विषय पदवीपासून शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच. या क्षेत्रात जाणारे बहुतेक जण फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल असं काहीतरी शिकून येतात आणि मग ट्रॉम्बेच्या त्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये वर्षभर त्यांना अणुविज्ञानाचं शिक्षण मिळतं. हे स्कूल १९५७ साली सुरू झालं. आधी माणसं घडवायची आणि मग त्यांच्या हातून अणुभट्ट्या उभ्या करायच्या, असा तो विचार होता. म्हणजे आमच्या लॅबसारख्या लहान लॅब ही त्या वाटेवरची पहिली पायरी. हे मला आत्ता कळतंय. सेमिस्टरच्या सुरुवातीला माझ्या मनात होत्या त्या मोठमोठ्या गोष्टी: तारापूर-कैग्याची अणुवीज केंद्रं, पाण्याखाली निळा उजेड टाकणारा अणुभट्टीचा गाभा.

पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडमनी टेबलावर एक पेटी ठेवली. पेटीच्या तोंडावर आकडे दाखवणारी लाल पट्टी, एक व्होल्टेजचं बटण, आणि केबलच्या टोकाला जेमतेम हाताच्या मुठीएवढी गायगर-म्युलर ट्यूब. ट्यूब शिशाच्या जाड कड्यांच्या आत उभी होती. तिच्याखाली प्लास्टिकच्या खाचा, एकाखाली एक. त्या खाचांत सोर्स ठेवायचा असतो. सोर्स म्हणजे नाण्याएवढी, रंगीत प्लास्टिकमध्ये बंद केलेली किरणोत्सारी चकती. चकत्यांची डबी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली मॅडमकडे. त्या दिवशी किल्ली निघालीच नाही. "आज सोर्स नाही. रिकामंच मोजा. एकेक मिनिटाची रीडिंग घ्या आणि लिहीत जा," एवढं सांगून मॅडम दुसऱ्या टेबलाकडे वळल्या.

ट्यूब कशी चालते ते वर्गात झालं होतं. धातूची नळी, तिच्या मधोमध बारीक तार, आत कमी दाबाचा वायू, आणि नळी व तार यांच्यात ४००–५०० व्होल्ट. एखादा किरण आत शिरला की वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात, वाटेत आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि क्षणभरात विजेचा एक ठोका तयार होतो. पेटी तो ठोका मोजते. वायूत हॅलोजनचा थोडा अंश असतो. तो ठोका लगेच विझवतो, म्हणजे पुढच्या किरणासाठी ट्यूब मोकळी होते. इतपत मला पाठ होतं. पण खाचा रिकाम्या असताना पेटी का वाजतेय, ते कळत नव्हतं. पहिल्या मिनिटाला ३८. दुसऱ्या मिनिटाला ३१. मग ४५. मग पुन्हा ३६. जवळपास कुठेच सोर्स नाही, टेबलावर फक्त माझी वही आणि पेन, तरी आकडा शून्यावर येईना. आणि दोन मिनिटांचे आकडे एकसारखेही येईनात.

मी लॅबच्या अण्णांना विचारलं, पेटी बिघडलीय का. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि कानडीत म्हणाले, पेटी अगदी ठणठणीत आहे, सगळ्यांना असंच येतं. माझ्या शेजारच्या मुलीला वेगळे आकडे आले होते. पलीकडच्या टेबलावर आणखी वेगळे. शाळेपासून आपल्याला सवय असते ती एका उत्तराची. लोलकाचा आवर्तकाल काढला की ठरलेला आकडा यायला हवा, नाही आला तर कुठेतरी हात चुकला. इथे हात घालायला जागाच नव्हती. ट्यूब उभी, पेटी चालू, मी नुसती बसलेली. आणि निसर्ग दर मिनिटाला वेगळं उत्तर देत होता.

ते आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. पुढच्या तासाला मॅडमनी हेच आकडे फळ्यावर मांडले आणि त्यांचा अर्थ उलगडला. अणूचं केंद्रक कधी फुटणार याला वेळापत्रक नसतं. एका ठरावीक केंद्रकाबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही; फक्त अशा कोट्यवधी केंद्रकांचा सरासरी वेग सांगता येतो. आमच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर उभं राहून दर मिनिटाला किती ट्रक गेले ते मोजावं, तसं. दिवसभराची सरासरी ठरलेली, पण पुढच्या मिनिटाला सात येतील की दोन, ते नाकेवाल्यालाही ठाऊक नसतं. अशा मोजणीत चढउतार किती व्हावा याचाही नियम आहे: आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. ३८ काउंट आले तर साधारण ६ इकडे-तिकडे होणारच. १०० आले तर १०, म्हणजे शंभरात दहा. १०,००० आले तर १००, म्हणजे शंभरात एक. नेमकेपणा हवा असेल तर यंत्र बदलून भागत नाही, जास्त वेळ मोजावं लागतं. आणि चूक निम्म्यावर आणायची तर वेळ चौपट लागतो. माझे ३१ आणि ४५ हे दोन्ही आकडे ३८ च्या आजूबाजूला, अगदी नियमात बसणारे होते. गोंधळ माझ्या डोक्यात होता, निसर्गात काहीच गोंधळ नव्हता, हे त्या फळ्यासमोर पहिल्यांदा जाणवलं आणि मोठं समाधान वाटलं.

रिकाम्या खाचांतून येणाऱ्या या मोजणीला आमच्या लॅबमध्ये सगळे बॅकग्राउंड म्हणतात. तो येतो कुठून, हे समजल्यावर मी येलहंक्याकडेच वेगळ्या नजरेनं बघायला लागले. बॅकग्राउंडचा एक भाग वरून येतो. अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतात आणि त्यांच्यापासून तयार झालेले म्युऑन छप्पर, भिंत, शिसं, माणूस सगळ्यातून आरपार जातात. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंचावर, त्यामुळे हा भाग मुंबईपेक्षा इथे थोडा जास्त. दुसरा भाग पायाखालून येतो. इथली जमीन फार जुन्या खडकाची आहे. लालबागेतला जो उघडा खडक लोक चढून जातात, त्याचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं आहे. अशा खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अल्प प्रमाणात असतं, आणि त्याच दगडाच्या फरश्या, खडी, वाळू आपल्या घरात येते. तिसरा भाग हवेतून, जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन वायूमधून. आणि चौथा आपल्या स्वतःमधून. माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियममधला अगदी लहान अंश किरणोत्सारी असतो, आणि मोठ्या माणसाच्या अंगात त्याची दर सेकंदाला ४,०००च्या आसपास केंद्रकं फुटतात. हे सगळं धरून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा निसर्गातूनच मिळते. केरळात चवरा-करुनागपळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे. तिथे ही मात्रा याच्या कितीतरी पट आहे.

त्यानंतर कुठे कपाटाचं कुलूप उघडलं. आम्हाला सीझियम-१३७, कोबाल्ट-६० आणि स्ट्रॉन्शियम-९० हे सोर्स हाताळायला मिळाले. हाताळायला म्हणजे चिमट्यानं उचलायला, आणि वहीत कुणी किती वाजता घेतला, किती वाजता परत ठेवला ते लिहायला. शिकवण्यासाठीचे हे सोर्स अगदी क्षीण असतात, तरी शिस्त तीच. सोर्स लांब नेला की काउंट अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. मध्ये ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे घातले की स्ट्रॉन्शियमचे बीटा कण थांबतात. सीझियमचे गॅमा किरण मात्र पत्र्यांना दाद देत नाहीत, त्यांना शिसंच लागतं.

परीक्षेत मला नेमका हाच प्रयोग आला: सीझियमचे गॅमा निम्मे करायला किती जाडीचं शिसं लागतं ते काढायचं. सोर्स आणि ट्यूब यांच्यामध्ये शिशाचे पत्रे एकावर एक चढवत जायचं, दर वेळी काउंट घ्यायचा, आणि सेमी-लॉग कागदावर आलेख काढायचा. सरळ रेघ यायला हवी. आता मौज अशी आहे, की आलेले आकडे जसेच्या तसे मांडले तर रेघ सुरुवातीला सरळ जाते आणि शेवटाकडे आडवी व्हायला लागते. शिसं वाढतंय, पण काउंट कमी व्हायचं नाव घेत नाही. बघणाऱ्याला वाटावं, की जाड शिशात किरण कमी अडतात. खरं कारण साधं आहे. सोर्सचे किरण जवळपास संपले, आणि उरला तो बॅकग्राउंड. तो फक्त शिशाच्या पत्र्यांमागून येत नाही. तो चहूबाजूंनी येतो, मग मध्ये कितीही पत्रे घाला. प्रत्येक आकड्यातून बॅकग्राउंड वजा केला की तीच रेघ कागदाच्या खालच्या कडेपर्यंत सरळ उतरते आणि निम्मी जाडी साडेसहा मिलिमीटरच्या आसपास मिळते. व्हायवात एक्स्टर्नल सरांनी सूत्र विचारलं नाही, व्याख्याही विचारली नाही. माझ्या वहीतला पहिला तक्ता उघडून त्यांनी विचारलं, "बॅकग्राउंड किती वेळ घेतला? एवढाच का? प्रयोगाच्या शेवटी पुन्हा घेतला का?" घेतला होता. प्रयोग चालू असताना शेजारच्या टेबलावर कुणी दुसरा सोर्स काढला असेल तर ते शेवटच्या बॅकग्राउंडमध्ये दिसतं, म्हणून तो दोनदा घ्यायचा असतो. सरांनी मान हलवली आणि वही मिटली.

प्रॅक्टिकलच्या जोडीला प्रत्येकाला एक सेमिनार होता. मला विषय मिळाला तो बॅकग्राउंड कमी करायच्या पद्धतींचा. वाचायला घेतलं आणि चकितच झाले. या विषयातली दोन नावाजलेली कामं बंगळूरच्या आसपास झालेली आहेत, आणि दोन्हींचं साल एकच: १९६५.

पहिलं कोलारच्या सोन्याच्या खाणीत. न्यूट्रिनो हा कण जवळजवळ कशालाच न अडखळता पृथ्वीच्या आरपार निघून जातो. लाखो-कोटींमधला एखादाच खडकात अडकतो आणि म्युऑन सोडून जातो. तो म्युऑन टिपायचा तर वरून येणाऱ्या नेहमीच्या म्युऑनांचा पाऊस आधी थांबवायला हवा. आणि त्यावर उपाय एकच, शक्य तितकं खोल जायचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक आधी काही वर्षं खाणीच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर फक्त म्युऑन मोजत होते. जसजसं खोल जावं तसतशी संख्या घटत गेली, आणि सगळ्यात खोल पातळीवर त्यांच्या उपकरणात एकही म्युऑन नोंदला गेला नाही. हे वाचताना मी थांबले. कुठल्याही विद्यार्थ्याला वाटेल, काहीच मिळालं नाही, प्रयोग फुकट गेला. पण त्यांनी त्या शून्याचा अर्थ ओळखला: बॅकग्राउंड इतका कमी असलेली जागा मिळाली, म्हणजे आता इथे न्यूट्रिनो दिसू शकेल. मग सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर मुंबई, ओसाका आणि डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांनी मिळून उपकरणं बसवली, आणि १९६५ साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोच्या जगातल्या पहिल्या नोंदी तिथे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत जवळपास एकाच वेळी झाल्या. नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या. पण प्रत्येक नोंद खणखणीत, कारण तिच्या मागचा बॅकग्राउंड आधी मोजलेला होता.

दुसरं काम गौरीबिदनूरचं. आमच्या येलहंका जंक्शनवरून हिंदुपूरकडे जाणारी गाडी दोड्डबळ्ळापूर, मकळीदुर्ग करत तिथे पोचते. सेमिनारच्या आधीच्या रविवारी मी त्या गाडीनं गेले, फक्त तो मुलूख बघायला. मकळीदुर्गाचा काळा डोंगर रुळाला अगदी खेटून उभा आहे; पुढे दोन्ही बाजूंना नुसते गोल गोल दगड आणि मधून शेतं. १९६३ च्या करारानं हवेत, पाण्यात आणि अवकाशात अणुचाचण्या करायला बंदी आली आणि चाचण्या जमिनीखाली गेल्या. त्या ओळखायच्या तर जमिनीला कान लावायला हवा होता. ब्रिटनच्या सहकार्यानं आपल्या अणुऊर्जा विभागानं १९६५ मध्ये गौरीबिदनूरला भूकंपमापकांची रांग उभी केली. अशाच रांगा स्कॉटलंडमध्ये, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात आहेत. इथली निवड झाली ती या जुन्या, कठीण, शांत खडकासाठी.

तिथे एक भूकंपमापक नाही, वीस आहेत, आणि ते काटकोनातल्या दोन लांब बाहूंवर मांडलेले आहेत. असं का, हे कळलं तेव्हा मला माझी ट्यूब आठवली. जमीन कधीच स्तब्ध नसते. वारा, समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचे ट्रक, रेल्वे, सगळ्यांनी ती सतत थोडी थरथरत असते. हजारो किलोमीटरवरच्या स्फोटाची लहर या थरथरीत बुडून जाते. पण ती लहर एका दिशेनं येते, म्हणून प्रत्येक मापकापर्यंत ठरावीक फरकानं पोचते. तेवढ्या फरकानं प्रत्येक नोंद मागे-पुढे सरकवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. लहर वीसपट होते. थरथर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी, स्वतंत्र. ती एकमेकांना खोडत जाते आणि वीसच्या वर्गमुळाइतकीच, म्हणजे साडेचारपट वाढते. फरक साडेचारपटीचा पडतो. माझ्या वहीत ३८ च्या शेजारी ६ लिहायला लावणारं वर्गमूळ, तेच इथे हजारो किलोमीटरवरचा स्फोट ऐकू आणून देत होतं. आणि वेगवेगळा फरक लावून बेरीज करून बघितली, की लहर कोणत्या दिशेनं आली तेही कळतं. स्फोट चारी बाजूंना ढकलतो, भूकंपात खडक घसरतो. त्यामुळे दोघांच्या लहरींची घडण वेगळी असते आणि त्यावरून एकाला दुसऱ्यापासून निवडून काढता येतं.

सेमिनार संपल्यावर तो घेणाऱ्या सरांनी त्याला आणखी एक मागची कडी जोडून दिली. होमी भाभा १९३९ साली सुट्टीत भारतात आले, युद्ध सुरू झालं आणि ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतच राहिले. तिथे त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास उभा केला. माझ्या ट्यूबमध्ये बॅकग्राउंड म्हणून पडतात, तेच हे किरण. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली, आणि अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा आपल्याला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागू नये, असा हेतू त्यात मांडला. हिरोशिमा व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ च्या जूनमध्ये बंगळूरलाच सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला गेली. मला वाटायचं, अणूचा विषय मुंबईचा. येलहंक्याहून मल्लेश्वरमकडे जाणाऱ्या बसनं ज्या संस्थेच्या फाटकावरून मी इतक्यांदा गेले, तिथेच त्याचं बीज पडलं होतं.

निवड झालेल्या अक्कानं जायच्या आधी आम्हा ज्युनिअरना कॅन्टीनमध्ये बसवून मुलाखतीबद्दल सांगितलं. तास-तासभर चालणारी मुलाखत, समोर पाच-सहा जण, आणि आपण निवडलेल्या विषयात ते तळापर्यंत जातात. तिला अणुभट्टी पहिल्यांदा सुरू करताना काय करतात, ते विचारलं होतं. तिचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. आधी न्यूट्रॉनचा एक लहान सोर्स ठेवून काउंट घ्यायचा. मग इंधन थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा काउंट. पहिला काउंट भागिले आताचा काउंट असा आकडा काढून आलेखावर मांडायचा. भट्टी स्वतःच्या बळावर चालायच्या जवळ येते तसा हा आकडा शून्याकडे उतरतो, आणि रेघ पुढे वाढवली की ती कुठे पोचणार ते आधीच दिसतं. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही भट्टी सुरू झाली तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक भट्टीचा जन्म असाच, एक एक ठोका मोजत होतो. सेमिस्टरभर आम्ही लहान पेटीसमोर जे केलं ते या कामाच्या बाहेरचं नव्हतं, हे तिच्या तोंडून ऐकून फार बरं वाटलं.

घरी फोनवर परीक्षा संपल्याचं सांगितलं तेव्हा आज्जीनं विचारलं, "ते कैग्याचं पाणी वंगाळ झालंय म्हणत्यात, खरं काय गं?" आमचे काही पाहुणे कारवारला आहेत, त्यामुळे हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. कैगा काळी नदीच्या काठी, कारवार तालुक्यात. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. त्यातली पहिली २०१६ च्या मेपासून २०१८ च्या शेवटच्या दिवसापर्यंत सलग ९६२ दिवस चालली आणि तेव्हाचा जागतिक विक्रम झाला. तिथेच २००९ च्या नोव्हेंबरमध्ये पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पोटात गेलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आज्जीला मी दोन्ही सांगितल्या.

दुसऱ्या गोष्टीत मला शिकण्यासारखं खूप दिसलं. ट्रिटियमचे बीटा कण इतके मंद असतात, की ते ट्यूबची खिडकीसुद्धा ओलांडत नाहीत. माझी पेटी त्या कूलरशेजारी ठेवली असती तरी तिच्यात बॅकग्राउंडच दिसला असता. तो प्रकार उघडकीला आला तो कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. दर वेळचा आकडा नोंदलेला होता म्हणून वाढलेला आकडा नजरेत भरला. नदीचंही तेच. अणुवीज केंद्राच्या जागेवर पर्यावरण सर्वेक्षणाची प्रयोगशाळा वीज सुरू व्हायच्या कितीतरी आधी बसते, आणि पाणी, माती, दूध, मासे, भाजी यांत निसर्गातलं किती आहे ते मोजून ठेवते. ते आकडे नसतील तर पुढे आयुष्यभर मोजलं तरी भट्टीनं किती भर घातली ते कुणालाच सांगता येणार नाही. आपल्या नियामक मंडळानं सामान्य माणसासाठी घातलेली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, तीही निसर्गातून मिळते त्याच्यावर. म्हणजे नियमाचीही सुरुवात बॅकग्राउंडपासूनच होते.

अणुऊर्जेबद्दल माझ्या आसपास दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, काही धोका नाही. दुसरा म्हणतो, सगळं विष आहे. दोन्हीकडची माणसं कळकळीनं बोलतात, आणि त्यांचं ऐकताना मी पहिल्या दिवशीच्या पेटीसमोर बसले होते तितकीच गोंधळून जायचे. या सेमिस्टरनं मला त्या गोंधळातून वाट काढायचं एक साधन दिलं. कुणी म्हणालं, इथे किरणोत्सार आढळला, तर मी विचारते: आधी किती होता? कुणी म्हणालं, काहीच आढळलं नाही, तर विचारते: किती वेळ मोजलं, कशानं मोजलं, आणि त्या यंत्राला ते दिसतं तरी का? या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे लिहून ठेवलेली आहेत, त्याच्याशी पुढचं बोलता येतं. ज्याच्याकडे नाहीत, तो कोणत्याही बाजूचा असो, त्याला मी आधी मोजायला सांगेन.

पुढच्या सेमिस्टरला आमच्याकडे सिंटिलेशन काउंटर येणार आहे. तो फक्त ठोके मोजत नाही, प्रत्येक किरणाची ऊर्जाही सांगतो. त्यामुळे बॅकग्राउंडमधला पोटॅशियमचा वाटा कोणता आणि थोरियमचा कोणता, ते वेगळं काढता येईल. मी मॅडमना आधीच सांगून ठेवलंय, की मला प्रोजेक्टला निपाणीची माती घ्यायची आहे: तंबाखूच्या रानातली, विहिरीजवळची आणि हायवेच्या कडेची. त्या मातीत काय आणि किती आहे ते मला मोजून, आकडा किती इकडे-तिकडे होऊ शकतो त्यासकट लिहून ठेवायचंय, म्हणजे पुढे कुणाला विचारायची वेळ आली तर त्याच्या हाती पहिला आकडा असेल.